शालनचं शून्य

तासगाव मागं पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना बेदाण्याच्या शेडांच्या रांगा लागतात. रांगा संपतात तिथं डावीकडं एक वाट वळते, पाण्याच्या टाकीला वळसा घालते आणि मळ्यातल्या बारा घरांच्या वस्तीवर येऊन दमून थांबते. त्या बारांतल्या हिंदुराव जमदाड्याच्या घरी, स्वयंपाकघराच्या भिंतीवर, घड्याळ आणि कॅलेंडर यांच्यामधे लिंबाएवढा एक दिवा होता. तो हिरवा असला, की घरची बाई बरी आहे असं समजायचं.

घरची बाई म्हणजे शालन.

ज्येष्ठातली सकाळ होती. शालन मागच्या दारातनं रिकामी बादली घेऊन आली, तीन पायऱ्या चढली आणि चौकटीला हात लावून थांबली. तिसरी पायरी हल्ली उंच झाली होती.

"अवं," ती म्हणाली, "आज अंग लई जड झालंय."

हिंदुराव चहा पीत होता. त्यानं मान वर केली. तिच्याकडं नाही, भिंतीकडं.

"हिरवा हाय की."

"व्हय. हिरवाच हाय."

"मग उकाड्याचं आसंल. लिंबू-साखर पी वाईच."

त्यात टाकून बोलणं नव्हतं. हिंदुराव माया करणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी ती सांगलीला दवाखान्यात होती, तेव्हा अकरा दिवस तो व्हरांड्यात बसून होता. पण दिवा लागल्यापासून त्याला एक सवय जडली होती. तिच्या तोंडाकडं बघायच्या आधी तो भिंतीकडं बघायचा. आणि खरं सांगायचं तर शालनही तेच करायची. सकाळी डोळे उघडले की छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटायचं. ती भिंत धरत स्वयंपाकघरात यायची, दिवा हिरवा दिसायचा, आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटायची. यंत्र म्हणतंय शीण नाही. मग हे काय आहे? आळस. दुसरं काय असणार. तिची आई म्हणायची, आळस पाहुण्यासारखा येतो आणि घरजावयासारखा राहतो. बावन्नाव्या वर्षी आपल्या घरी जावई आला, असं शालननं मनाशी धरलं होतं आणि हे ती कुणाला सांगत नव्हती.

तिचं दुखणं असं. दोन वर्षांपूर्वी साधा ताप आला, आठ दिवसांत गेला, पण जाताना काळजाचा स्नायू ढिला करून गेला. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. हिंदुरावाला चित्र कळलं नाही, पण गोष्ट कळली. द्राक्षबागेतल्या माणसाला ती कळतेच. मोटारीचा दाब कमी पडला, की ठिबकच्या नळीतनं पहिल्या वेलींना पाणी मिळतं आणि शेवटच्या वेली कोरड्या राहतात. काळजाचा दाब कमी पडला, की हात, पाय, मांड्या या शेवटच्या वेली. शिवाय माघारी यायचं पाणी पुरतं माघारी येत नाही. ते घोट्याशी साठतं, फुप्फुसाच्या तळाशी साठतं. ते उपसायला पाण्याची गोळी.

या दुखण्यात माणसाला सगळ्यात जास्त छळतो तो थकवा, आणि नेमका तोच मोजता येत नव्हता. काळीज दर ठोक्याला किती रक्त ढकलतं हे मोजता यायचं, पण त्या आकड्याचा आणि थकव्याचा मेळ बसायचा नाही. निम्म्या ताकदीच्या काळजावर एक जण आठवड्याचा बाजार करून येतो, दुसऱ्याला अंघोळ केली तरी पडून राहावं लागतं. मग डॉक्टर विचारायचे, "दमता का?" आणि माणसं, त्यातून बायका, म्हणायच्या, "न्हाई, तसं काय न्हाई."

म्हणून टिकली आली. खरं नाव लांबलचक होतं, बायका टिकली म्हणायच्या. रुपयाएवढी, गळ्याच्या हाडाखाली चिकटवायची. पायऱ्या चढल्यावर नाडी किती वेळानं खाली बसते, मांसातला प्राणवायू संपल्यावर किती सावकाश परत भरतो, छातीत पाणी किती, झोपेत श्वास कितीदा अडखळतो, हे सगळं ती टिपत राहायची आणि त्यातून शून्य ते शंभर असा एक आकडा काढायची. तीसच्या आत हिरवा दिवा, साठपर्यंत पिवळा, त्याच्या वर लाल. आकडा बघून औषध वाढायचं, आकडा बघून कमी व्हायचं.

प्रत्येक काळीज वेगळं, म्हणून प्रत्येकाचं शून्यही वेगळं. टिकली लावल्यावर पहिले आठ दिवस पूर्ण विश्रांती घ्यायची. त्या आठ दिवसांत टिकली त्या माणसाचं विसावलेलं अंग शिकून घेते, त्याला शून्य धरते आणि पुढचं सगळं तिथून मोजते. शालनला टिकली लागली फाल्गुनात. घरानं ते आठ दिवस काटेकोर पाळले होते.

त्या दिवशी शेजारच्या इंदरकाकूच्या नातीची हळद होती. वस्तीवर जातं आता एकच उरलं होतं, इंदरकाकूच्या पडवीत, लग्नापुरतं धुऊन पुसून पुढं यायचं. पीठ गिरणीतलं, हळद पाकिटातली. पण पाच सवाशिणींनी खुंट्याला हात लावून पाच मुठी दळायच्या आणि ओव्या म्हणायच्या, एवढं राहिलं होतं. ओव्या फक्त शालनला येत होत्या. आईच्या मांडीवर डोकं ठेवून, जात्याच्या घरघरीत अर्धवट झोपेत तिनं त्या ऐकल्या होत्या. पाठ करायला बसली नव्हती कधी, अंगाला लागल्या होत्या.

तिनं खुंटा धरला. बाकीच्या चौघींनी तिच्या हातावर हात ठेवले. हळकुंडं कुरकुरली.

जात्याला विसावा, बाई, मूठभर दाण्याचा,
माझ्या जिवाला विसावा माहेराच्या...

इथं वारा संपला. शब्द तोंडात होता, पण त्याला उचलायला खालून कुणी येईना. बायकांनी तो वरच्यावर झेलला, "गाण्याचाऽ." तशी रीतच होती. म्हणणारी थांबली तरी ओवी खाली पडू द्यायची नाही. अर्धी ओवी पडली तर जात्याचा घास हुकतो म्हणत. पूर्वी असा प्रसंग एखाद्या वेळी यायचा. गेले तीन महिने, जावळ असो नाही तर डोहाळजेवण, शालनची प्रत्येक ओवी बायकाच पुरी करत होत्या, आणि रीतच असल्यामुळं कुणाला काही वेगळं वाटलं नव्हतं.

"आमच्या शालनचा थाट बघा," इंदरकाकू म्हणाली. "डोस्कं ती म्हणणार, शेपूट आम्ही वढायचं."

बायका हसल्या. शालनही हसली. हसायलाही दम लागला.

मान वर केली तेव्हा दाराशी नसीम मुजावर उभी दिसली. तालुक्याच्या हृदय केंद्रातली सिस्टर. महिन्यातून एकदा स्कूटरवरून यायची, आकडे बघायची, पाणी पिऊन पुढच्या घरी जायची. आत्ताही तिच्या हातात फोन होता. तिनं फोनकडं पाहिलं, मग शालनच्या तोंडाकडं, मग पुन्हा फोनकडं. मग तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि आणखी दोन ओव्या होईपर्यंत चौकटीला टेकून नुसती ऐकत राहिली.

"काकी," बाहेर आल्यावर ती म्हणाली, "ओवी अर्धी का सोडली?"

"सोडली कुठं? झाली की पुरी."

"बाकीच्यांनी केली. तुम्ही नाही केली. तीन म्हटल्यात, तिन्ही तिथंच तुटल्यात."

"वयाचं आसंल."

"मागच्या वर्षी माझ्या भाचीच्या हळदीला आला होतात तुम्ही. कोपरापर्यंत हळद, आणि तासभर गात होतात. एका वर्षात किती वय होतं माणसाचं?"

शालन घराकडं वळली. घरापर्यंतची वाट शंभर पावलांची. ती दोनदा थांबली. एकदा चप्पल नीट करायला, एकदा शेळीला हट म्हणायला. शेळी बांधलेली होती.

घरी दारापुढच्या कट्ट्यावर बसवून नसीमनं तिचा पाय स्वतःच्या गुडघ्यावर घेतला. नडगीवर अंगठा दाबला, दहा आकडे मोजले आणि उचलला. अंगठ्याच्या जागी खड्डा राहिला. बाजूला हिंदुराव उभा होता, सून तन्वी शेडवरनं आली होती. सगळे त्या खड्ड्याकडं बघत राहिले. तो भरेचना.

"हे आम्ही पूर्वी प्रत्येक घरी बघायचो," नसीम हळू आवाजात म्हणाली. "टिकली आल्यापासून सोडून दिलं. मी आज कशाला आले होते माहीत आहे? नव्वद दिवस आकडा वीसच्या आत. काकींचं नाव जोखमीच्या यादीतून काढायचं, पाण्याची गोळी बंद करायची. बटन दाबायचं बाकी होतं. निम्मी तर गेल्या महिन्यातच केली."

"आकडा किती हाय आज?" हिंदुरावानं विचारलं.

"अकरा."

"मग?"

नसीमनं खड्ड्यावर पुन्हा बोट टेकवलं. शालनला म्हणाली, "फाल्गुनात पहिले आठ दिवस विश्रांती घेतली होती ना?"

"घेतली की. बसूनच हुते."

"एक पाऊल चालू दिलं न्हाई तिला," हिंदुराव मधे पडला. त्या आठ दिवसांचा त्याला अभिमान होता. "गॅसची शेगडी मी सोता ओट्यावरनं खाली घेतली. लांब पाईप आणला तासगावनं. बसून भाकरी करायच्या, हुबं ऱ्हायचं न्हाई. पाणी मी भरलं, धुणं तन्वीनं."

"भाकरी किती?"

"पंधरा-सोळा. शेडवरची माणसं हुती की."

"आणि बाकीचा दिवस?"

"बाकीचा काय न्हाई," शालन म्हणाली. "बेदाण्याचं बॉक्स ह्यांनी जवळ आणून ठेवलं हुतं. यंत्रातनं आल्याव बी देठं ऱ्हात्यात, ती निवडत बसायची. तेवढाच हाताला चाळा. वाळवणाचं दिस हुतं, सांडगं घातलं बसून. तन्वीला गोधडी शिवली, ती बी बसूनच. तेवढंच."

"रोज किती वेळ?"

"उठल्यापासनं. मला जायचं कुठं हुतं?"

नसीमनं तिचा पाय गुडघ्यावरून हळूच खाली ठेवला.

"काकी, ते काम होतं."

"काम कसलं? बसून तर केलं."

आणि तिला खरंच तसं वाटत होतं. शालनच्या जगात कामाची खूण एकच होती, उभं राहणं. पाणी, धुणं, खुरपणी, झाडलोट हे काम. बसलं की विसावा. तिची आई म्हणायची, "आता वाईच टेकते," आणि टेकता टेकता सूप पुढं ओढायची. विसाव्याला बसलेल्या बाईचे हात मोकळे असतात असं शालननं जन्मात पाहिलं नव्हतं. फाल्गुनात दहा-दहा तास ती मांडी घालून वाकून बसली, खांदे वर, हात चालू, घोट्यात पाणी उतरत. ढिल्या काळजाला तेवढं काम मळा खुरपण्याइतकं होतं. टिकलीनं ते सगळं मन लावून शिकून घेतलं. ही बाई विसावली की अशी असते, असं तिनं धरलं, आणि त्या दमलेल्या अंगाला शून्य म्हटलं.

हिंदुरावानं दारातून आत, भिंतीवरच्या दिव्याकडं पाहिलं. बेदाणा विकणारा माणूस, त्याला काटा कळत होता.

"म्हंजी पासंग हाय," तो शेवटी म्हणाला. "काट्यात पयल्यापासनंच पासंग हाय. वर काय बी ठेवा, कमीच भरणार."

"हो मामा."

"आन् तो मीच बांधलाय. पाईप लांब आणून."

तन्वी उठून आत गेली आणि विनाकारण पाणी घेऊन आली.

नसीमनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. पाण्याची गोळी पूर्वीपेक्षाही वाढली. सूज उतरली की मग नवं शून्य, आणि या खेपेला नसीमनं घरातल्या तिघांना समोर बसवून एकच गोष्ट सांगितली. आठ दिवस हात रिकामे. मेथीची काडी नाही, लसणाची पाकळी नाही, वात नाही, सुई नाही.

"गाणं चालंल का?" शालननं विचारलं.

"नुसतं गाणं चालेल. हातात काही धरून नाही."

जायच्या आधी नसीमनं फोनवर आपली यादी उघडली आणि पायरीवर बसून ती खाली सरकवत राहिली. "त्रेचाळीस बायका आहेत माझ्याकडं," ती म्हणाली, तसं कुणालाच उद्देशून नव्हे. "सगळ्या हिरव्या. पुरुष पिवळे आहेत, लाल आहेत. वरून अहवाल आला होता, खेड्यातल्या बायका पुरुषांपेक्षा कमी थकतात म्हणून. मीटिंगमध्ये टाळ्या वाजवल्या आम्ही. मला वाटायचं, माझं काम चांगलं चाललंय."

शून्य ठरेपर्यंत दिवा बंद राहतो. सूज उतरल्यावर आषाढाच्या पहिल्या सोमवारी तो विझला, आणि स्वयंपाकघराची भिंत उघडी पडल्यासारखी वाटली. हिंदुराव सकाळी सवयीनं तिथं बघायचा, तिथं काही नसायचं, मग नाइलाजानं तो वळायचा.

"कसं वाटतंय गं?"

असं कुणी विचारून किती दिवस झाले होते. शालननं "बरं हाय" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"म्हाईत न्हाई," ती म्हणाली. "इचारून सांगते."

"कुणाला इचारून?"

"मलाच."

भाकरी हिंदुरावानं थापल्या. पहिल्या दिवशीची भाकरी कुत्र्यानंही हुंगून सोडली. दुसऱ्या दिवशी इंदरकाकू मेथीची जुडी घेऊन आली. "बसूनच हायस तर एवढी निवड की गं," असं म्हणून तिनं जुडी शालनच्या मांडीवर ठेवली. हिंदुरावानं पिठाच्या हातानं ती उचलली.

"काकू, तिचं हात दवाखान्याचं हैत सध्या."

"आगं बाई. आन् तुझं?"

"माझं तिचं हैत."

इंदरकाकू हसत गेली आणि वस्तीभर सांगत सुटली. पण चौथ्या दिवशी संध्याकाळी भाकरीचं टोपलं तिच्याच घरून आलं.

शालनला रिकामं बसणं जमेना. मांडीवर ठेवलेले हात आपोआप चालायचे, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासायची, चादरीवर नसलेली देठं खुडायची. ते दिसलं की तन्वी समोर बसून तिचे हात धरायची. सासू-सुनेनं असं हात धरून बसणं दोघींनाही नवं होतं. काय बोलावं कळायचं नाही. मग तन्वी शेडमधल्या गंमती सांगायची, कुठलं यंत्र कुणावर रुसलं ते.

तिसऱ्या दिवशी थकवा वर आला. बांध फोडल्यावर पाणी यावं तसा. आतापर्यंत तो होता, पण कामाखाली दबून होता. आता वरचं ओझं काढल्यावर त्याला जागा मिळाली. शालन दोन दिवस झोपली. जेवायला उठायची आणि पुन्हा झोपायची. जागी असताना तिला वाटायचं, हा काही फाल्गुनापासूनचा नाही. हा तापाच्या आधीचा असणार. लेकराच्या आधीचा, लग्नाच्या आधीचा. आईच्या मांडीवर डोकं ठेवलं होतं तेव्हा आईच्या मांडीतनं डोक्यात उतरला असणार.

पाचव्या दिवशी दुपारी तिला गावंसं वाटलं. ती ओवी शोधू लागली. दळणाच्या होत्या, कांडणाच्या होत्या. पाळणा हलवायच्या, भांगलणीच्या, पाणी शेंदायच्या, लेक सासरी घालवायच्या होत्या. एकेक आठवून ती बाजूला ठेवत गेली. नुसतं बसून म्हणायची एकही नव्हती. इतक्या बायांनी इतक्या ओव्या केल्या, पण बसलेल्या बाईची ओवी कुणी केली नव्हती. केली असेल तर तिच्यापर्यंत आली नव्हती.

मग आपलंच एक चरण जुळलं.

रिकामे गं माझे हात मांडीवरती निजले,

पुढचं येईना. तिनं ओढलं नाही.

"ऐकलंसा का," ती म्हणाली. हिंदुराव चुलीशी, म्हणजे शेगडीशी, वाकला होता. "मला वाटत हुतं, मला आळस आलाय. तीन म्हैनं मी सोताला शिव्या देत हुते."

त्याचा हात तव्यावर तसाच राहिला. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा त्यानं तो काढला.

"मला सांगायचं हुतंस."

"सांगत हुते की. तुमी दिवा बघत हुता."

करपलेली भाकरी त्यानं स्वतःच्या ताटात ठेवली.

नवव्या दिवशी दिवा लागला. हिरवा. नसीम आली होती. तिनं शालनला बेदाण्याचा एक बॉक्स दिला आणि फाल्गुनात बसायची तशी बसून तासभर निवडायला सांगितलं. घरातले सगळे भिंतीकडं तोंड करून बसले, टीव्हीवर मॅच असावी तसे. वीस मिनिटांनी दिवा पिवळा झाला. पन्नास मिनिटांनी लाल.

"अडुसष्ट," नसीम म्हणाली. "आणि हे तुमचं शून्य होतं."

हिंदुराव उठला, शालनच्या पुढचा बॉक्स उचलला आणि बाहेर नेऊन ठेवला. आत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. चुलीच्या धुरानं म्हणावं, तर घरात गॅस होता.

डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात काळजाचं चित्र पुन्हा काढलं आणि सांगितलं ते शालननं शांतपणे ऐकलं. तीन महिन्यांत स्नायू आणखी ताणला गेला होता. औषधानं पाणी उतरेल, दम कमी लागेल, पण ताणलेलं सगळं परत येणार नाही. फाल्गुनात ज्या पायरीवर होती त्या पायरीवर ती आता चढायची नाही. एक पायरी खालीच राहायचं. तिनं विचारलं, "खालच्या पायरीवर किती दिस?" डॉक्टर म्हणाले, सांभाळलं तर बरेच. नसीमच्या अंगठ्यानं नाव यादीतून काढलं असतं, तर हा प्रश्न विचारायला ती बसली नसती, हे त्यांनी सांगितलं नाही. तिला ते कळलं होतं.

श्रावण निम्मा झाला. शेगडी पुन्हा ओट्यावर गेली आणि तिच्यापुढं हिंदुराव उभा राहिला. त्याच्या भाकरीला आता पापुद्रा सुटत होता. दिवा भिंतीवर होता, बहुतेक वेळ पिवळा. त्याच्याकडं बघायच्या आधी तो एकदा विचारायचा, आणि दोन्ही उत्तरं जुळतात का बघायचा.

एका दुपारी नसीम आली. तिच्या फेरीचा दिवस नव्हता. स्कूटर लावताना तिनं ती दोनदा स्टँडवर घ्यायचा प्रयत्न केला, मग भिंतीला टेकवली.

"ये गं," शालन कट्ट्यावरनं म्हणाली. "किती घरं झाली?"

"अडतीस." नसीम तिच्याशेजारी बसली. "चौघींनी नाही म्हटलं. आठ दिवस हात बांधून कोण बसेल, सिस्टर, म्हणाल्या. त्यातली एक तर मला चहा करून द्यायला उठली, नको नको म्हणताना."

"अडतीस आन् चार बेचाळीस."

नसीमनं टाकीकडं तोंड वळवलं.

"एकीकडं उशिरा पोचले," ती म्हणाली. "कवठ्याच्या पलीकडच्या वस्तीवर. परवा. सून म्हणाली, सकाळी आई जड वाटतंय म्हणत होत्या, पण दिवा हिरवा होता म्हणून आम्ही शेतात गेलो. मी गेले तेव्हा अंगावरची टिकली काढली नव्हती कुणी. दिवा शेवटच्या आकड्यावर अजून हिरवाच होता, काकी. त्या गेल्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं."

या दोघींच्या मधे कट्ट्यावर तन्वीनं शेडला न्यायला ठेवलेला बेदाण्याचा बॉक्स होता, वरची फळी उघडी. वारा पडला होता. घरात हिंदुराव पीठ मळत होता, परातीचा आवाज येत होता.

"जरा टेकते मग," नसीम म्हणाली. "अजून दोन घरं आहेत." तिनं भिंतीला पाठ लावली, डोळे मिटले. आणि मिटल्या डोळ्यांनी तिचा उजवा हात हळूहळू बॉक्सकडं गेला, आत शिरला, चार दाणे तळव्यावर आले, आणि अंगठ्यानं पहिलं देठ खुडलं.

शालन त्या हाताकडं बघत राहिली. त्या हाताच्या वर, गळ्याच्या हाडाखाली, टिकली नव्हती. तिथला शीण कुणी मोजत नव्हतं.

तिनं आपला हात पुढं केला, नसीमच्या मुठीवर ठेवला आणि दाणे सोडवून परत बॉक्समध्ये टाकले. मग तो हात नसीमच्याच मांडीवर, उताणा, ठेवून दिला.

"काकी?"

"काय न्हाई. नुसती बस."

नसीमनं डोळे उघडले नाहीत. तिची बोटं एकदोनदा हलली, मग थांबली. खूप वेळानं तिच्या खांद्यांतनं काहीतरी खाली उतरलं, आणि शालनला आषाढापासून अडलेलं चरण सापडलं. तिनं ते जात्याशिवाय, बसल्या जागी, ओठांतल्या ओठांत म्हटलं.

रिकामे गं माझे हात मांडीवरती निजले,
किती वर्सांचे शिणले...

मधे दम लागला. झेलायला शेजारी बायका नव्हत्या. शालननं तो लागू दिला, पुरता बसू दिला, आणि मग सावकाश, स्वतःच, ओवीचा शेवट खाली ठेवला.

...आज मला उमजले.